क्षमेआधीचा हिशेब

ख्रिस्ती क्षमेवर आपल्याकडे घेतला जाणारा आक्षेप जुना आहे आणि तो दोन तऱ्हांनी ऐकू येतो. एक टोमण्याच्या रूपात: आठवडाभर हवं ते करा, रविवारी फादरच्या कानात सांगा, पाटी कोरी. दुसरा गंभीर आहे. वैऱ्यावर प्रेम करा, सत्तर वेळा सात माफ करा, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, असं शिकवणारा धर्म दुष्टाला मोकळं रान देतो आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचंच तोंड बंद करतो, असं हे म्हणणं आहे. मराठी वाचकाला ते लगेच पटतं, कारण तुकोबांनी दयेची व्याख्या करताना प्राणिमात्रांच्या सांभाळासोबत दुष्टांचा बंदोबस्तही तिच्यात धरला आहे. त्या मानाने ख्रिस्ताची क्षमा भाबडी आणि अर्धी वाटू लागते. या आक्षेपाला बळ पुरवणारी माणसं चर्चच्या आतही आहेत. मारहाण करणाऱ्या नवऱ्याऐवजी बायकोचीच समजूत घालणारे, संस्थेचं नाव खराब होईल म्हणून तक्रार घेऊन आलेल्यासमोर क्षमेची वचनं वाचणारे, हे सगळे स्वतःला शास्त्राचे रखवालदार समजतात. टीकाकार आणि हे रखवालदार एकमेकांचे विरोधक दिसतात, पण दोघांनी क्षमेचा अर्थ एकच धरला आहे: झालं गेलं सोडून देणं. हा अर्थ बायबलचा नाही, असं मला ठामपणे म्हणायचं आहे. बायबलमध्ये क्षमा सुरू होते ती वाईटाचा पुरता हिशेब मांडल्यावर. ती करण्याचा हक्क ज्याचं नुकसान झालं त्याचा असतो. आणि तिच्यामुळे सूड सुटतो; सत्य आणि भरपाई सुटत नाहीत.

वाईट म्हणजे काय, याची तात्त्विक चर्चा बायबल फारशी करत नाही. ते थेट एका कृत्यापाशी नेऊन उभं करतं. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइन शेतात हाबेलाला ठार मारतो आणि देव त्याला विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? काइन उडवाउडवीचं उत्तर देतो. त्यावर त्याला ऐकवलं जातं की भावाचं रक्त जमिनीतून ओरडतं आहे. माणसाने माणसाचं केलेल्या वाईटाची ही पहिली नोंद आहे आणि तिच्यात मेलेल्या माणसाचं नाव आहे, जागा आहे, आवाज आहे. काइनाला इथे क्षमा मिळत नाही. जमीन त्याला पीक देणार नाही, तो भटकत राहील. तरीही कुणी त्याचा जीव घेऊ नये म्हणून देव त्याच्यावर खूण करतो. गुन्हा पूर्ण उच्चारला गेला आणि सूडाला बांध घातला गेला, हे दोन्ही एकाच प्रसंगात घडतं. काही ओळींनंतर काइनाच्या वंशातला लामेख आपल्या दोन बायकांसमोर बढाई मारतो, की काइनाचा सूड सातपट असेल तर माझा सत्त्याहत्तरपट. शिष्य पेत्राने येशूला विचारलं की भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, तेव्हा येशूने उत्तरात तेच सात आणि सत्तर घेतले आणि लामेखची बढाई उलटी केली. तो आकडा सूडाच्या वाढत्या व्याजाला उत्तर म्हणून आला आहे. गुन्हेगाराला किती संधी द्यायच्या, याचं वेळापत्रक म्हणून तो वाचला की सगळं बिघडतं.

क्षमेची पहिली सविस्तर कथा योसेफाची, आणि ती बहुधा घाईने सांगितली जाते. भावांनी विकलं, तो मिसर देशाचा कारभारी झाला, दुष्काळात भाऊ आले, त्याने त्यांना मिठी मारली. मूळ कथा इतकी गुळगुळीत नाही. सतरा वर्षांच्या योसेफाचा झगा भावांनी उतरवला, त्याला कोरड्या विहिरीत टाकलं आणि तिथेच बसून ते जेवले. मग वीस शेकेल चांदीला त्याला व्यापाऱ्यांच्या हवाली केलं. वीसहून अधिक वर्षांनी ते धान्यासाठी त्याच्यासमोर वाकले तेव्हा त्याने त्यांना ओळखलं. त्यांना तो ओळखू आला नाही. तो दुभाष्यामार्फत बोलतो, त्यांना हेर ठरवतो, तीन दिवस कोठडीत ठेवतो, शिमोनाला त्यांच्या डोळ्यांदेखत बांधून ठेवून घेतो, धाकट्या बन्यामिनाला आणायला लावतो आणि शेवटी बन्यामिनाच्या गोणीत आपला चांदीचा प्याला दडवून चोरीचा आळ घेतो. हा छळ आहे आणि तो बघताना मन अस्वस्थ होतं. पण त्यातून एक गोष्ट पारखली जाते. बापाच्या लाडक्या भावाला वाऱ्यावर सोडून स्वतःची मान सोडवून घ्यायची संधी पुन्हा आली, तर हे काय करतील? योसेफाला विकायची कल्पना ज्याची होती तोच यहूदा पुढे येतो आणि म्हणतो, पोराला घरी जाऊ द्या, त्याच्या जागी मी गुलाम राहतो. योसेफाचा बांध फुटतो तो इथे, त्याच्या आधी नाही.

ओळख देताना योसेफ काय बोलतो ते नीट पाहावं. तुम्ही ज्याला मिसरात विकलं तो तुमचा भाऊ मी, असं तो सांगतो. कृत्याचं नाव घेतल्याशिवाय त्याचं प्रेम पुढे सरकत नाही. पुढे बाप याकोब वारल्यावर भावांना पुन्हा धास्ती वाटते. माफ कर असं बाबा मरण्याआधी सांगून गेले, असा निरोप ते पाठवतात. याकोब असं काही बोलल्याचं कथेत आधी कुठेही आलेलं नाही. म्हणजे मेलेल्या बापाच्या नावावर माफी वसूल करण्याचा प्रयत्नही बायबलने नोंदवून ठेवला आहे. योसेफ रडतो. मी काय देवाच्या जागी आहे, असं विचारतो. तुम्ही माझं वाईट करायलाच निघाला होतात, हे तोंडावर सांगतो. देवाने त्यातूनच पुष्कळांचे जीव वाचवले, हे त्याला जोडतो आणि भावांच्या मुलाबाळांना पोसायची हमी देतो. माफ केलं हे शब्द तो एकदाही उच्चारत नाही, आणि तरी ही क्षमाच आहे. देवाने वाईटातून चांगलं घडवलं, हे वाक्य इथे विकल्या गेलेल्या माणसाच्या तोंडी आहे, हे विसरता कामा नये. विकणाऱ्या भावांनी ते म्हटलं असतं तर तो निर्लज्जपणा ठरला असता. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी म्हटलं असतं तर क्रौर्य. आज दुःखात असलेल्या माणसाला देवाचीच काही योजना असेल असं परस्पर सांगून मोकळे होणारे योसेफाचं वाक्य चोरतात, आणि कोरडी विहीर मात्र त्याच्याकडेच ठेवतात.

पाटी कोरी करण्याच्या टोमण्याचं उत्तर मोशेच्या नियमशास्त्रात आहे. लेवीय आणि गणना या दोन्ही पुस्तकांत नियम स्पष्ट दिला आहे: कुणाला लुबाडलं असेल तर कबुली द्यायची, घेतलेलं पूर्ण परत करायचं, त्यात पाचवा हिस्सा वाढवून द्यायचा आणि ते सगळं ज्याचं होतं त्याच्या हातात द्यायचं. वेदीवरचं अर्पण या परतफेडीची जागा घेत नाही. पुढे यहुदी परंपरेच्या मिश्ना या ग्रंथाने असं ठरवलं की प्रायश्चित्ताचा मोठा दिवस माणसाची देवाविरुद्धची पापं धुतो; शेजाऱ्याविरुद्धची मात्र शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय धुतली जात नाहीत. येशू याच मुशीतून बोलतो. डोंगरावरच्या प्रवचनात तो सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. उपासना अर्ध्यावर थांबवायला तो सांगतो आणि चालत जायचं ते अपराध्याने. यरीहोचा जकातदार जक्कय याच नियमाला धरून वागतो. येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा लोक कुरकुरतात. जक्कय उभा राहून जाहीर करतो की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना नाडलं असेल त्यांना चौपट. या घराला आज तारण मिळालं, असं येशू म्हणतो ते ही घोषणा ऐकल्यावर. कॅथलिक पापनिवेदनाचीही रचना वेगळी नाही. ट्रेंटच्या परिषदेने 1551 मध्ये पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई हे तिन्ही भाग पापी माणसाकडून अपेक्षित धरले, आणि आजचं कॅथलिक धर्मशिक्षणही सांगतं की पापमुक्ती मिळाली तरी नुकसान भरून काढायची जबाबदारी शिल्लक राहते. चोरलेलं परत करावं लागतं, बदनामी केली असेल तर ती निस्तरावी लागते. टोमणा मारणाऱ्याने एखादा दांभिक माणूस पाहिला असेल. त्या माणसाने आपल्याच धर्माचा नियम मोडलेला असतो.

आता मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाकडे येऊ, कारण सत्तर वेळा सात तिथूनच उचललं जातं. हा अध्याय सलग वाचावा. सुरुवातीला येशू एका लेकराला मधोमध उभं करतो आणि म्हणतो की अशा एकाला जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं. संपूर्ण शुभवर्तमानात याहून कठोर वाक्यं फार थोडी आहेत. मग हरवलेल्या मेंढराची गोष्ट येते. त्यानंतर अपराध करणाऱ्या भावाचं काय करायचं, याची पद्धत: आधी एकट्याने गाठून त्याची चूक दाखवायची, ऐकलं नाही तर आणखी एक-दोघांना साक्षीदार म्हणून न्यायचं, तरीही ऐकलं नाही तर मंडळीपुढे मांडायचं, आणि तिथेही ऐकलं नाही तर त्याला बाहेरचा समजायचं. एवढं सगळं झाल्यावर पेत्राचा प्रश्न येतो आणि सत्तर वेळा सात येतं. लूकने हीच शिकवण एका ओळीत दिली आहे, तिथेही क्रम तोच आहे: भावाने अपराध केला तर त्याला दटाव, तो पस्तावला तर क्षमा कर. ज्या अध्यायात जात्याची तळी आहे, साक्षीदार आहेत, मंडळीपुढची सुनावणी आहे, त्यातला शेवटचा आकडा तेवढा कापून एखाद्या लेकराच्या आईबापांपुढे धरणं ही शास्त्राची सरळ मोडतोड आहे.

त्याच अध्यायाच्या शेवटी निर्दय चाकराचा दाखला आहे आणि त्यातले आकडे मुद्दाम मांडलेले आहेत. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात सुमारे सहा हजार दीनार. राजाचं येणं दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. ते फेडणं कुठल्याही चाकराच्या आवाक्यातलं नव्हतं. तेवढं माफ करून घेऊन बाहेर पडलेला हा माणूस शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा आवळतो. दाखल्याची सुरुवात राजा हिशेब घ्यायला बसतो इथून होते, हे सहज नजरेतून सुटतं. रक्कम ठाऊक नसेल तर माफ काय केलं, हेच कळणार नाही. दुसरं, सोबत्याला कैदेत टाकलेलं पाहून इतर चाकरांना फार वाईट वाटतं आणि ते जाऊन राजाला सगळं सांगतात. चहाडी केली म्हणून त्यांना कुणी दटावत नाही, तुम्हीही क्षमाशील व्हा असं ऐकवत नाही. त्यांच्या तक्रारीवरच पुढचा न्याय होतो. आणि तिसरं, राजा दिलेली माफी मागे घेतो. ज्याने माफीचा उपयोग दुसऱ्याला चिरडायला केला, त्याच्यापाशी ती टिकत नाही.

दुसऱ्या गालाचं काय, असा प्रश्न इथे येणारच. दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्या येशूला प्रत्यक्षात थोबाडीत मारली गेली तेव्हा तो कसा वागला, हे योहानाने लिहून ठेवलं आहे. महायाजकाचा सासरा हन्ना याच्यासमोर चौकशी चालू असताना एक शिपाई त्याला चपराक मारतो. येशू गाल पुढे करत नाही, हातही उचलत नाही. मी वाईट बोललो असेन तर तसं सिद्ध कर आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं तो विचारतो. मार खाणाऱ्याने मारणाऱ्याला पुरावा मागितला आहे. प्रेषित पौलही असाच. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला खटला न चालवता फटके मारून तुरुंगात डांबलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचा निरोप पाठवला तेव्हा पौलाने जायला नकार दिला. आम्हा रोमी नागरिकांना चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या, असं त्याने कळवलं आणि अधिकाऱ्यांना यावं लागलं. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतः सूड घेऊ नका म्हणणारा पौल हाच, आणि पुढच्याच अध्यायात वाईट करणाऱ्याला शासन करणं हे राज्यसत्तेचं काम आहे असं लिहिणाराही हाच. दुष्टांच्या बंदोबस्ताला नव्या करारात जागा आहे. ती दुखावलेल्या माणसाच्या संतापाच्या हाती दिलेली नाही, एवढाच फरक. तुकोबांच्या दयेपासून हे अंतर टीकाकारांना वाटतं तेवढं लांब नाही.

यापेक्षा अवघड आक्षेप दावीदाचा. बथशेबेला बोलावून घेऊन, तिचा नवरा उरीया याला लढाईच्या तोंडी देऊन ठार करवणारा राजा पश्चात्तापाच्या एकावन्नाव्या स्तोत्रात म्हणतो की त्याने केवळ देवाविरुद्धच पाप केलं. मग उरीया कुठे गेला? देवाशी परस्पर तडजोड करून मेलेल्या माणसाला हिशेबातून वगळण्याची सोय हीच का? स्तोत्र एकटं वाचलं तर आक्षेप बरोबर ठरतो. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्टा गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून दावीदाच्याच तोंडून निकाल वदवून घेतो आणि मग उरीयाचं नाव घेऊन सांगतो, तो माणूस तू. दावीदाला क्षमा मिळते, पण तलवार त्याच्या घरातून जाणार नाही हेही सांगितलं जातं, आणि पुढे अम्नोन, तामार, अबशालोम यांच्या कथांत ते खरं होतं. शेकडो वर्षांनी मत्तय येशूची वंशावळ लिहितो तेव्हा शलमोनाच्या आईचा उल्लेख उरीयाची बायको असाच करतो. तारणाऱ्याच्या घराण्याच्या यादीतच मारलेल्या नवऱ्याचं नाव गोवून ठेवणारा ग्रंथ गुन्हे विसरायला शिकवतो, असं कसं म्हणावं? तरी एक गोष्ट मला लपवायची नाही. दावीदाच्या पापापायी बथशेबेचं तान्हं बाळ मरतं, असं तीच कथा सांगते. त्या बाळाचा काय दोष होता, याचं समाधानकारक उत्तर मला कुठल्याही भाष्यात सापडलेलं नाही, आणि ते आहे असा आव आणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

वधस्तंभावरच्या प्रार्थनेचा आक्षेप सगळ्यांत वरचा मानला जातो. मारणाऱ्यांनी पश्चात्ताप केला नव्हता, हिशेब कुणी मांडला नव्हता, तरी येशूने बापाजवळ त्यांच्यासाठी क्षमा मागितली. काही जुन्या हस्तलिखितांत ही ओळ सापडत नाही. पण त्या आडोशाला उभं राहून मी उत्तर टाळणार नाही, कारण ख्रिस्ती श्रद्धेने ती आपल्या काळजाशी धरली आहे. ही प्रार्थना ज्याच्या हातापायांत खिळे आहेत तो करतो. स्वतःच्या जखमेवरचा हक्क तो स्वतः सोडतो. खाली उभ्या असलेल्या आईला, तूही यांना माफ कर, असं तो म्हणत नाही. बाजूच्या वधस्तंभावरचा गुन्हेगार, आपल्याला मिळतंय ते आपल्या करणीचंच फळ आहे, असं आपल्या सोबत्याला सांगतो आणि मग येशूकडे वळतो. त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळतं, पण त्याला खाली उतरवलं जात नाही. योहानाच्या वृत्तांतात शिपाई येऊन दोन्ही गुन्हेगारांचे पाय मोडतात. क्षमा आणि शिक्षा त्या एका माणसाच्या अंगावर एकाच दुपारी शेजारी शेजारी आहेत.

नित्शेने 1887 मध्ये नीतीच्या वंशावळीवर लिहिताना आरोप केला की सूड घेता येत नाही या दुबळेपणालाच क्षमा हे गोंडस नाव दिलं गेलं. योसेफाच्या हातात तुरुंगही होता आणि धान्याची कोठारंही, दाखल्यातल्या राजाकडे सत्ता होती. बायबलमधली क्षमा बहुधा घेऊ शकणाऱ्याने न घेतलेला सूड असते. पण नित्शेचा संशय मी फेकून देणार नाही. ज्याला नकार द्यायची ताकद नाही, त्याच्याकडून वदवून घेतलेली क्षमा ही नेमकी त्याने वर्णन केलेलीच चीज आहे. तुम्ही क्षमा केली नाही तर तुम्हालाही क्षमा मिळणार नाही, हे येशूचं बोलणं अशा ठिकाणी धमकीसारखं वापरलं जातं. त्या धमकीला प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात उत्तर आहे. तिथे वेदीखाली मारल्या गेलेल्यांचे आत्मे मोठ्याने ओरडून विचारतात की आमच्या रक्ताचा न्याय करायला अजून किती वेळ. हे संतांचे आत्मे आहेत, स्वर्गात आहेत, आणि त्यांनी माफ केलेलं नाही. कुणी त्यांची कानउघाडणी करत नाही. त्यांना शुभ्र झगे दिले जातात आणि आणखी थोडा काळ विसावा घ्यायला सांगितलं जातं. स्तोत्रसंहितेत शापाची स्तोत्रं आहेत आणि ती बायबलमधून कुणी काढून टाकलेली नाहीत. न भरलेल्या जखमेला देवासमोर ओरडायची मुभा शास्त्राने दिली आहे. ती पाळकाने काढून घेऊ नये.

दक्षिण आफ्रिकेत 1996 पासून आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाचं काम चाललं, तेव्हा क्षमेच्या ख्रिस्ती भाषेचा दबाव पीडितांवर येतो अशी टीका झाली. तिच्यात तथ्य होतं. पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर 1977 मध्ये मरण पावलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने आयोगाला माफी द्यायचा अधिकार देणाऱ्या कायद्याला घटना न्यायालयात आव्हान दिलं. ते हरले. पण त्याच कायद्याने कायदेशीर माफीसाठी संपूर्ण सत्य सांगण्याची अट घातली होती, आणि बिको प्रकरणातल्या पोलिसांचे अर्ज 1999 मध्ये फेटाळले गेले. न्याय मागणारं ते कुटुंब मला वेदीखालच्या आत्म्यांच्या रांगेत दिसतं, क्षमेच्या शत्रूंच्या रांगेत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला ग्लॅडिस स्टेन्स आहेत. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूर गावी त्यांचे पती ग्रॅहम आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि बारिपदामध्ये कुष्ठरुग्णांची सेवा आणखी काही वर्षं चालू ठेवली. खटला त्यामुळे थांबला नाही. मुख्य आरोपी दारा सिंगला 2003 मध्ये फाशीची शिक्षा झाली, 2005 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. एका बाईने आपल्यापुरता सूड सोडला आणि राज्याने आपलं काम केलं. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. त्यांचं उदाहरण इतरांना झापायला वापरणारे मात्र त्यांचा अपमान करतात, कारण त्या क्षमेची किंमत त्यांच्या स्वतःच्या घराने मोजली होती.

चर्चमध्ये, शाळेत, वसतिगृहात एखाद्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळल्यावर क्षमेची भाषा आधी सुचत असेल, तर ती मत्तयच्या अठराव्या अध्यायाची भाषा नव्हे. भारतात 2012 च्या पॉक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची खबर पोलिसांना देणं बंधनकारक केलं आहे. ते पाळणं ख्रिस्ती माणसाला आपल्या धर्माविरुद्ध वाटायचं काहीच कारण नाही. दाखल्यातल्या चाकरांनीही जाऊन सांगितलंच होतं. आणि ज्यांना मध्यस्थी करायचीच आहे, त्यांनी पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं छोटं पत्र काढून वाचावं. पळून आलेल्या अनेसिम या गुलामाला परत घे, अशी विनंती पौल त्यात करतो. गुलामगिरीवर पौलाने घाव घालायला हवा होता, तो घातला नाही. माणसाला मालमत्ता समजणारी व्यवस्था त्या पत्रात तशीच उभी आहे, आणि कोणी कुणाचा अपराध केला होता हा प्रश्न आज उलट बाजूने विचारावा लागतो. तरी फिलेमोनापुढे क्षमेची मागणी ठेवताना पौल एक गोष्ट करतो, जी आजचे मध्यस्थ करत नाहीत. याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या नावावर मांड, असं तो म्हणतो, आणि हे मी माझ्या हाताने लिहितो आहे, मी फेडीन, असंही जोडतो. पीडितापुढे क्षमेचं वचन उघडणाऱ्या प्रत्येक फादरने, पाळकाने आणि विश्वस्ताने आधी हा कागद लिहून द्यावा: उपचारांचा खर्च कोण करणार, वकील कोण देणार, अपराध्याला त्या जागेवरून कोणत्या तारखेला हटवणार, आणि साक्ष द्यायला आपल्यापैकी कोण उभं राहणार.